आतल्या कम्प्युटरचा पत्ता

मी चौथीपर्यंत शिकले. लेक कम्प्युटर शिकली. तिच्या लिनक्सच्या कम्प्युटरात तिनं आणखी एक कम्प्युटर चालवला होता. खरा नाही, नुसता पडद्यातला. वाळूजच्या एका कंपनीची परीक्षा घरी बसून द्यायची होती. आतल्या कम्प्युटरला नेटवरचा स्वतःचा पत्ता मिळवून द्यायचा आणि मोबाईलवरून त्याला गाठून दाखवायचं. एवढं जमलं की नोकरी.

"आई, पूल बांधलाय बघ. आता राउटरला हा वेगळाच कम्प्युटर वाटतो," ती म्हणाली.

हर्सूलच्या आमच्या घरात राउटर थोरल्या दिरांच्या खोलीत आहे. नेटवर कोण आलं, ते त्यांच्या मोबाईलवर उमटतं. सुनांना ते पासवर्ड सांगत नाहीत, मोबाईल मागून घेऊन स्वतः टाकतात.

परीक्षा सुरू झाली. कंपनीचे साहेब पडद्यावर होते. आतल्याला पत्ता मिळाला तशी लेक माझ्याकडं बघून हसली. तेवढ्यात दीर दारात आले.

"हा नवा मोबाईल कुणाचा? कुणी घेऊन दिला?"

"काका, मोबाईल नाही. कम्प्युटरच्या आत दुसरा कम्प्युटर आहे."

"मला येडं समजती का? कम्प्युटरला काय दिवस गेले व्हय?"

त्यांच्यामागून जाऊबाई म्हणाल्या, "आतापासून लपवालपवी. पुढं लई दिवे लावंल."

"काका, पाच मिनिटं थांबा. परीक्षा चालू आहे."

त्यांनी मोबाईलवर बोट दाबलं. "केलं बंद. आता ज्याचा असंल तो येईल बोंबलत." आतल्याचं नेट तेवढं तुटलं, मोठ्या कम्प्युटरवर साहेब तसेच होते.

"भाऊजी, चालू करा हो," मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही.

जाऊबाईंनी लेकीची पर्स पलंगावर उपडी केली. कंगवा, रुमाल, बसचा पास. साहेब सगळं बघत होते. "मॅडम, आधी घरचं आवरा," म्हणाले आणि पडद्यावरून गेले. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

मोबाईल सापडला नाही तेव्हा दीर म्हणाले, "मग आधी सांगायचं ना," आणि चहा मागितला. मी करून दिला.

आता लेकीनं ती जोडणी बदलली आहे. आतला कम्प्युटर मोठ्याच्या मागं राहतो, बाहेर जातो तो मोठ्याच्याच पत्त्यावर. दिरांच्या मोबाईलवर काही उमटत नाही. पोरगी सुधारली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

"पण आई, बाहेरून त्याला आता कुणी गाठू शकत नाही. म्हणजे कसं, तर..." लेक मला समजावायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "हे समजलं मला."