सगळ्यांच्या पसंतीचं हिरवं लुगडं

मुलांनो, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या मनातली साडी ओळखणारा माणूस अख्ख्या पाटोद्यात एकच आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. हे आमचे शेजारी, साडीवाले. गेवराईची गाडी कुठे लागते हे विचारायला आलेल्या एका गृहस्थांसमोर त्यांनी सात साड्या उलगडल्या, आणि तेवढ्यात गाडी निघून गेल्यावर म्हणाले, "चला, आता निवांत बगता येईल." मी पांढऱ्या सुती साडीखेरीज काही नेसत नाही, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक आहे, तरी दर वेळी जांभळी समोर येते. "बाई, तुमच्या मनात हीच हाय. तुमाला म्हायीत न्हाई, एवढंच."

त्यांचा मुलगा पुण्यात असतो. गिऱ्हाइकाला खरोखर काय आवडतं ते कळावं म्हणून त्याने दुकानातल्या प्रत्येक फडताळावर एकेक गोल चकती चिकटवली. चकतीला फोन टेकवला की साडीची माहिती आणि फोटो फोनवर उघडतात, आणि कोणत्या चकतीला कितीदा फोन टेकला हे मुलाला पुण्यात बसून दिसतं. साडीवाल्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या चकत्यांना हळदकुंकू वाहिलं. मग काय, येणारी प्रत्येक बाई चकतीला हात लावून कपाळाला लावी आणि पुढे जाई. संध्याकाळी मुलाचा फोन आला, "अण्णा, दुकान उघडलंच न्हाई का आज?"

हळूहळू बायकांना सवय झाली. एकाच फडताळाची चकती मात्र कोरी राही. ते नऊवारी लुगड्यांचं. मुलाने सांगितलं, "ते फडताळ काढा अण्णा. कुणी बगतच न्हाई तिकडं. तिथं लेगिंग्ज लावू." साडीवाले दोन दिवस त्याच फडताळासमोर बसून राहिले. हे फडताळ त्यांच्या वडिलांनी लावलेलं.

त्यानंतर नऊवारीची चकती अचानक जोरात चालू लागली. हिरवं लुगडं सगळ्या साड्यांच्या पुढे गेलं. मुलगा इतका खूश झाला की त्याने हिरव्या लुगड्यांचे पाच गठ्ठे पाठवून दिले. मी एकदा दुपारी दुकानात डोकावले, तर हे गृहस्थ पाठमोरे उभे राहून स्वतःचा फोन चकतीला टेकवत होते, उचलत होते, पुन्हा टेकवत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, जरा पुसून ठेवतो. लई धूळ बसती."

पंधरा दिवसांनी मुलगा स्वतः आला, तेव्हा मी दुकानातच बसले होते. सगळे आकडे एकाच फोनचे आहेत, हे त्याने पुण्यात पाहिलं होतं. "अण्णा, कावून केलं असं?" एवढंच त्याने विचारलं. अण्णा गठ्ठ्याची दोरी सोडवत राहिले. मी उठून जावं की बसावं, हे मला कळेना.

तेवढ्यात डोंगराकडच्या एक मेंढ्यावाल्या आजी आल्या आणि सरळ नऊवारीपाशी जाऊन बसल्या. मुलाने सवयीने सांगितलं, "आजी, तिथं फोन लावा."

"फोन न्हाई बाबा. बोटं हायती." आजींनी काठ चिमटीत धरला, चोळून पाहिला, गालाला लावला, आणि डोळे मिटून जरा वेळ तशाच बसल्या. "हे बग. ह्योच पोत. तुज्या आज्यापासून नेतीय मी."

मुलगा पाहत होता. लुगडं बांधून आजी निघाल्यावर त्याने हळूच विचारलं, "अशा अजून किती येतात, अण्णा?"

साडीवाले बोटांवर मोजू लागले. तिसऱ्या बोटाशी थांबले, थोडा विचार केला, आणि एक बोट पुन्हा मिटलं.

"राहू द्या ते फडताळ," मुलगा म्हणाला. मग बापलेक दोघेही दारात येऊन उभे राहिले, आणि आजी वळणाआड जाईपर्यंत आत आले नाहीत.