पाठीवरची चेन

छोटी आता पन्नाशीला टेकली आहे. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी सगळा रस्ता तिला छोटीच म्हणतो. थोरली ती ताई आणि धाकटी ती छोटी, असं लहानपणी ठरून गेलं ते गेलंच. वडिलांचं कव्हरांचं दुकान तिच्याकडे आलं, वडिलांचं लांबलेलं आजारपणही तिच्याचकडे आलं, आणि या सगळ्यात लग्नाचं राहून गेलं. त्याबद्दल ती कुरकुरत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणते, "मापात बसेल असं गिऱ्हाईक आलं नाही."

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली. जाड सुईचं मशीन, कापायचं टेबल, भिंतीला उभ्या केलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि जिथंतिथं फोमचे तुकडे. स्कूटरच्या सीटपासून अख्ख्या मोटारीपर्यंत कशालाही ती कव्हर शिवते. रेक्झिनचं एक वाईट असतं. कापडावरची टीप चुकली तर उसवून मोकळं होता येतं, रेक्झिनला सुईनं पाडलेलं भोक मात्र जन्मभर दिसत राहतं. त्यामुळे मशीनच्या पायडलवर पाय ठेवण्याआधी छोटी दहादा विचार करते. अशी ही तोलूनमापून चालणारी बाई एक दिवस अंतराळवीराचा सूट शिवायला बसली, तेव्हा लोकांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

त्यांना काय माहीत! समोरच्या घड्याळवाल्या काकांना तेवढं माहीत होतं. कारण या रस्त्यावरचा पहिला टीव्ही त्यांच्याच दुकानात आला होता आणि रविवारी सकाळी ताई आणि छोटी त्यांच्या काउंटरखाली मांडी ठोकून बसायच्या. तेव्हा एक मालिका लागायची. दोन अंतराळवीर यानातून बाहेर पडायचे, दर आठवड्याला नव्या संकटात सापडायचे आणि दर आठवड्याला वाचायचे. त्यांच्या सुटांना चेन पाठीवर होती. ज्याची त्याला लावताच यायची नाही. मग एकानं दुसऱ्याची चेन वर ओढायची, पाठीवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "हवा आहे. निघ."

संकटं छोटी कधीच विसरली. त्या दोन थापा काही विसरली नाही. दोघींच्या फ्रॉकना बटणं मागं असायची. शाळेत जाताना ताई तिची बटणं लावायची, दोन थापा मारायची, "हवा आहे. निघ." मग ताई पाठ करायची आणि छोटी टाचा उंचावून तिची लावायची. मोठेपणी आपण दोघींचे खरे सूट शिवायचे, हेही ठरलं होतं. भांडण फक्त रंगावरून होतं. टीव्ही काळापांढरा, त्यामुळे खरा रंग कुणालाच ठाऊक नाही. ताई म्हणायची चंदेरी, छोटी म्हणायची नारिंगी, आणि काका म्हणायचे, "गप्प बसता का? मला सेकंद काटा बसवायचाय."

पुढं ताईचं लग्न झालं. त्या दिवशी तिच्या पोशाखाचे मागचे हुक छोटीनंच लावले. दोन थापा मारल्या आणि हसत म्हणाली, "हवा आहे. निघ." ताई निघाली ती पार समुद्रापलीकडे. त्यानंतर छोटीनं स्वतःसाठी मागं बटणं असलेला एकही कपडा शिवला नाही. लावणार कोण?

ताईचा फोन दर रविवारी येतो. "या वर्षी नक्की" हे तिचं पालुपद. वर्षं जात राहिली, मधे दोनदा धावती आली, आली काय आणि गेली काय. पण एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "तिकीट काढलंय गं. चांगली महिनाभर राहणार." छोटीला आभाळ ठेंगणं झालं. फोन ठेवला आणि तिनं चंदेरी रेक्झिनची गुंडाळी टेबलावर लोळवली. दोन सूट काही वेळेत होण्यासारखे नव्हते, पण एक होणारच होता. भाची तिकडून म्हणाली, "मावशी, खरा रंग मी शोधून पाठवते की." छोटी म्हणाली, "खबरदार!" ताई चंदेरी म्हणाली होती, म्हणजे चंदेरी. नारिंगी तिनं फक्त शिवणींच्या कडेच्या पाइपिंगला घेतला.

मग काय, गिऱ्हाइकांच्या कामातून सवड मिळाली की सूट. आत फोम घालून तिनं हातापायांवर सीटसारख्या आडव्या पट्ट्या मारल्या. छातीवरच्या नळ्या वॉशिंग मशीनच्या. हेल्मेटसाठी दिव्यांच्या दुकानातून पारदर्शक मोठा गोल आणला, तो खालून कापला आणि त्याच्या मापाचं कडं सुटाच्या गळ्याला लावलं. स्कूटरची सीट न्यायला आलेल्या एकानं विचारलं, "हे कुठल्या गाडीचं कव्हर?"

"माझं," छोटी म्हणाली. त्यानं सीट उचलली आणि तो चालता झाला.

घोडं अडलं ते चेनपाशी. म्हणजे छोटीचं नाही, काकांचं. ते काठी टेकत आले, डोळ्याला भिंग लावून त्यांनी सूट निरखला आणि म्हणाले, "छोटे, चेन पुढं लाव. झाकायला वरून पट्टी घे, कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"त्यांच्या पाठीवर होती, काका."

"त्यांच्याकडे दुसरा माणूस होता."

"माझ्याकडेही येतोय ना!"

छोटीनं पाठीवर मधोमध खडूची रेघ मारली, दहादा नव्हे, वीसदा विचार केला आणि टीप घातली. आता भोकं पडली. आता चेन पाठीवरच राहणार होती.

सूट तयार झाला, ताईची खोली झाडून झाली, नवी चादर घातली. आणि ताईचा फोन आला, तोही भलत्याच वारी. भाचीचं बाळंतपण वेळेआधी आलं होतं. बाळ नाजूक होतं, आईला आईची गरज होती. ताईनं तिकीट रद्द केलं होतं. "तूच सांग, काय करू मी?" ती रडत होती. छोटी म्हणाली, "वेडी आहेस का? लेक सोडून कुणी येतं? इकडे काय पळून चाललंय?" फोन ठेवल्यावर ती जाऊन ताईच्या खोलीतल्या नव्या चादरीवर बसली आणि पोटभर रडली. राग कुणावर करावा, तेही कळेना. इवल्याशा बाळावर कसा करायचा?

पुढच्या काही दिवसांत बाळ सावरलं, दूध पिऊ लागलं. रविवारी ताईनं व्हिडिओ लावायचं ठरवलं. म्हणाली, "मला सूट घातलेली दिसली पाहिजेस."

घालायचा कसा? काकांना बोलवावं असं एकदा मनात आलं, पण त्या पाठीवर पहिला हात दुसऱ्या कुणाचा पडावा, हे तिला सोसवेना. त्यापेक्षा हात नसलेला बरा. तिनं आपल्या धंद्यातली युक्ती काढली. मोटारीच्या कव्हरला ती करते तेच केलं. चेनच्या रनरला दोरी बांधली, गळ्याच्या कड्यातून ओवून खांद्यावरून पुढं घेतली. सुटात शिरली आणि दोरी ओढली. सर्रकन चेन मानेपर्यंत चढली. इतकं सोपं होतं ते. छोटी जराशी थांबली. पाठीवर काहीच आलं नाही.

टेबलावर हेल्मेटला टेकवून ठेवलेला फोन वाजला. पडद्यावर ताई, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. ताई बघतच राहिली. "अगं, चंदेरी! पण तू तर नारिंगी म्हणायचीस."

"तू चंदेरी म्हणायचीस ना."

ताईनं नाक ओढलं. "वळ बघू."

छोटी फोनकडे पाठ करून उभी राहिली.

"चेन कुणी लावली?"

"मीच. दोरीनं."

पलीकडून टक, टक, असे दोन आवाज आले. ताई बोटानं फोनवर वाजवत होती. "हवा आहे," ताई म्हणाली. पुढचा शब्द तिला म्हणवला नाही.

छोटीला वळवेना. डोळे पुसावेत तर फोमनं फुगलेला हात कोपरात वाकेना. शेवटी तशीच वळली आणि विषय बदलायला म्हणाली, "बरं, आता काढते हे. घामाच्या धारा लागल्यात." दोरी ओढली. चेन हलेना. पुन्हा ओढली. मग तिच्या लक्षात आलं. कड्यातून ओवलेली दोरी चेन वर ओढते, खाली नाही. तिनं जन्मभर कव्हरं शिवली ती बाहेरच्यानं घालायची आणि बाहेरच्यानंच काढायची. आत असलेल्याला बाहेर यायचं असतं, हे कव्हर शिवणारीला कुठून सुचणार?

ताईला कळलं तशी ती अशी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. छोटीही हसली, उभी होती तिथंच टेबल धरून.

"आता गं कोण काढणार तुला यातून?" ताईनं विचारलं.

"तू. तू येईपर्यंत अशीच बसते."

हसणं तिथंच थांबलं. "येते गं," ताई म्हणाली. बाळ रडतच होतं, तिला उठावं लागलं.

दुकानाच्या दारातून हाका मारून छोटीनं काकांना बोलावलं. दोन मोटारसायकलवाले सिग्नल सोडून तिच्याकडे बघत राहिले. काकांनी चिमट्यानं रनर धरून चेन खाली आणली आणि उघड्या पाठीला हातसुद्धा न लावता काठी टेकत परत गेले.

आता दर रविवारी बाळाचं वजन, त्याचं जागरण, त्याची शी-शू सगळं सांगून झालं की ताई विचारते, "काढलास का गं सूट?"

"कोण काढणार? तू कुठं आलीस अजून?" छोटी म्हणते.

दोघी हसतात. सूट मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो, चेन कमरेपर्यंत उघडी. दोरी छोटीनं कापून टाकली आहे.