घिवलीतले अकरा फोटो

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी घिवलीत मी एका कोळी बाईचे अकरा फोटो काढले. एकही आला नाही.

मी बोईसरला राहतो आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फोटो काढतो. रोल घरीच, बाथरूममध्ये धुतो. पत्नी होती तेव्हा त्यासाठी दुपारी दोन ते चार ही वेळ ठरलेली होती. आता बाथरूम दिवसभर मोकळं असतं. मोबाइलवरचा फोटो लगेच दिसतो आणि लगेच कुणाला तरी पाठवावा लागतो. फिल्मचं तसं नसतं. मला ते सोयीचं पडतं. फोटो बुटांच्या खोक्यात ठेवतो. ते कुणी मागत नाही.

या बाईने मागितला. ती बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकते आणि मी तिचं जुनं गिऱ्हाईक. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून तिने विचारलं, "यात काळापांढरा निघतो?"

"तोच निघतो, मावशी."

"मग माजा काढ. नवऱ्याचा तसाच हाय भिंतीवर. बाजूला माजा रंगीत लावला तं लोक म्हनतील, ही दुसऱ्याच घरची."

"मुलं लावतील की नंतर."

"नंतर लावला तं मी कशी बगनार?"

रविवार तिनेच ठरवला. आदल्या दिवशी घरात लग्न होतं आणि एडवणच्या बहिणीकडून आणलेलं सोनं संध्याकाळी परत जायचं होतं. ते घालून ती अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांपुढे बसली. हसणार नाही म्हणाली; नवराही फोटोत हसत नव्हता.

उरलेला रोल मी पुढच्या दोन आठवड्यांत केळव्याला संपवला. छत्तिसाव्या फोटोनंतर फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर अडायला हवा होता. अडला नाही. बाथरूमचा दिवा बंद करून कॅमेरा उघडला. बोटांना फिल्मचं टोक लागलं. ते फिल्म ओढून घेणाऱ्या दुसऱ्या रिळात अडकलंच नव्हतं. रोल भरताना मी ते पाहिलं नव्हतं.

बुधवारी बाजारात तिला सांगितलं.

"अकरा वेळा वाजला की," ती म्हणाली.

"फिल्म पुढे सरकली नाही तरी वाजतो."

"आनि तुला कळलं नाय?"

"नाही."

"मोबाइलमदे कळतं." तिने माझे बोंबील कागदात बांधले. "सोनं तं गेलं."

"सोन्याशिवाय काढू. मी परत येतो."

"ये. आता नको, आता मासळी हाय."

तीन आठवड्यांनी नवा रोल भरून गेलो. फिल्म सरकते आहे, हे दोनदा पाहून घेतलं होतं. तिने दारातूनच भिंतीकडे बोट केलं. नवऱ्याच्या शेजारी तिचा फोटो होता. अंगावर बहिणीचं सोनं होतं.

"सुनेच्या मोबाइलमदे लग्नातला होता. बोईसरच्या दुकानात त्याचा रंग काढून दिला." ती फोटोखाली उभी राहिली. "बरा हाय ना?"

"चांगला आहे," मी म्हणालो. तो चांगला होता.

"तुज्या कॅमेऱ्यात पन काढायचा तं काढ. आलायस एवढ्या लांब."

मी चहा घेतला आणि अकराच्या बसने बोईसरला परतलो. त्या रोलवर अजून एकही फोटो काढलेला नाही.