ठिगळ झाकायचं नाही

आमच्या मंदिरातली जुनी वीणा भीमेत सोडायची, असं यंदा मंडळानं ठरवलं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानंही ती कधी नवी पाहिलेली नाही. भोपळा भंगलेला, आवाज बसलेला, आणि तिच्या जागी दुसरी वीणा आणूनही झाली होती. बैठकीत मी उठून म्हणालो, "ती नदीत जाणार न्हाई. मी दुरुस्त करून आणतो."

अध्यक्ष म्हणाले, "मागं तुम्हीच केली व्हती की दुरुस्त. काय दिवे लावले?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या दुरुस्तीमागचं खरं फक्त मला माहीत होतं.

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा असतो. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी पहारा माझा होता. सणसवाडीच्या कंपनीतून तिसरी पाळी करून मी न झोपता थेट आलो होतो. उभ्याउभ्या डुलकी लागली, तोल गेला आणि वीणेचा भोपळा दगडी खांबावर आपटला. मंदिरात दोन म्हाताऱ्या होत्या, त्याही पेंगत होत्या. मी तडा गेलेली बाजू पोटाकडे फिरवली आणि उरलेला पाऊण तास तसाच उभा राहिलो.

पुढचा पहारा आप्पांचा होता. आप्पांच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती. आप्पांनी शेती धरली आणि सोबत वीणाही धरली. त्यांच्यासारखा विणेकरी पंचक्रोशीत नव्हता. तारेवर बोट टाकल्याबरोबर ते थांबले.

"ही फुटलीया."

माणसं गोळा झाली. आप्पा म्हणाले, "माझ्याकडं आली तवाच फुटल्याली व्हती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला तर काय जाणवलं न्हाई."

एवढ्या पाच शब्दांवर निकाल लागला. "आप्पा, मेंढरं हाकायची काठी न्हवं ती," मागून कुणीतरी बोललं. त्यानंतर आप्पांना पहारा मिळाला नाही. मी मात्र कंपनीतून लोखंडाची भोकं बुजवायचा लेप डब्यातून आणला, तडा भरला आणि वरून काळं पॉलिश मारलं. गावानं मला नारळ देऊन शाल पांघरली. आप्पा चपला काढायच्या जागी बसून टाळ्या ऐकत होते. पुढच्या प्रत्येक सप्ताहाला ते तिथंच बसत आले आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर चपला काढून आत गेलो.

यंदा वीणा चादरीत गुंडाळून मी डेमू रेल्वेनं दौंडला निघालो.

"गिटार का दादा?" शेजारच्यानं विचारलं.

"वीणा हाय."

"मग व्हऊ द्या की एखादं भजन!"

"वाजत न्हाई," मी म्हणालो.

रेल्वे कॉलनीच्या मागे एक चाचा पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करतात. त्यांनी नखानं पॉलिश खरवडलं.

"हे कुणी लावलं?"

"गावातल्याच कुणीतरी."

"कंपनीतला दिसतोय गडी. भोपळा हाय का मोटारीचं इंजिन?" त्यांनी बोटानं टकटक केली. "ऐका. हितं बोलतोय, हितं मुका. तडा मी सरसानं आठ दिवसांत बसवला असता. तड्यानं न्हाई गेला हिचा आवाज. ह्या लेपानं गेला."

"मीच लावला," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो होतो.

चाचांनी मानही वर केली नाही. "मग बसा खरवडत. माझे डोळे दुखतात."

चार रविवार मी तिथं बसून पातीनं लेप खरवडला. जिथून तो सुटेना तेवढा भाग चाचांनी कापून काढला आणि दुसऱ्या भोपळ्याचा तुकडा सरसानं बसवला. जुना भोपळा काळपट, तुकडा पिवळा.

"पॉलिश मारतो. कळायचं न्हाई कुणाला."

"नको. दिसू द्या."

"लोक बोलतील."

"बोलू द्या की. लई वर्षं मीच गप हाय."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत मी सांगून टाकलं: वीणा माझ्या हातून आपटली, मी खोटं बोललो, आप्पांचा काही दोष नव्हता.

अध्यक्ष कुजबुजले, "कशाला उकरून काढता? नवी उभी करू आन् मोकळं व्हऊ."

"जुनीच उभी राहणार. पहिला पहारा आप्पांचा. तोवर नवीला मी हात लावू देणार न्हाई. काय करायचं ते करा."

आप्पा दारातून काठी टेकत आत आले. पुरतं ऐकलं होतं त्यांनी.

"माझी बायको गेली, तवा तिलाबी वाटत व्हतं माझ्याच हातनं फुटली."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतला.

"माफ न्हाई करणार मी तुला."

"नका करू, आप्पा."

"वीणा आण."

मी ती त्यांच्या गळ्यात घातली. अध्यक्ष उपरणं घेऊन पुढे झाले. "आप्पा, ठिगळावर हे घ्या. बरं दिसंल."

आप्पांनी वीणा फिरवली आणि पिवळा तुकडा लोकांच्या तोंडासमोर आणला. मग तार छेडली. दोन तास ते ऐंशीच्या पुढचं शरीर खांबाला न टेकता उभं राहिलं.

यादीत पुढचं नाव माझं होतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी अध्यक्षांना बोलावलं आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली, तुकडा बाहेरच्या बाजूला. नवी वीणा अजून प्लॅस्टिकमध्येच होती.

मी चपला काढायच्या जागी जाऊन बसलो. एकजण म्हणाला, "आवो, आत या की, हितं कुठं बसताय?" मी हललो नाही. तिथून वीणा स्वच्छ ऐकू येत होती.