टोपीखालची मैफल

कॉलेज रोडवरच्या तळघरातल्या त्या क्लबात साठ खुर्च्या मावतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाचला, तिथे विहंग गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतली दुखरी गाणी, गायचा. त्याची वर्गमैत्रीण आभा दारात तिकिटं बघायची. मराठीत एमए केल्यावर मिळालेलं तिचं हे पहिलं काम.

साठ डोक्यांत पांढरी टोपी एकच, कारभारीकाकांची. मूळचे विंचूरचे, वय पंचावन्न, सातपूरच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासायला. सळईचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि आत कुठे घासतंय ते सांगायचं. राहायचे आभाच्याच बिल्डिंगमध्ये. वर्षापूर्वी तिने त्यांना गंमत म्हणून एक पास दिला होता. तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. तिकीट मात्र स्वतःचं काढायचे.

बसायचे मात्र फोटो काढायला बसल्यासारखे. मान हलायची नाही. टाळी तर कधीच नाही.

विहंगला त्याचाच जाच होऊ लागला. पुढच्या आठवड्यात तो नोकरीसाठी बंगळुरूला निघणार होता. हा रविवार शेवटचा.

"ते टोपीवाले समोर बसले की तोंडी परीक्षा चालू आहे असं वाटतं," तो आभाला म्हणाला. "शब्द विसरतात. एवढ्या वेळी येऊ नका म्हणून सांग ना त्यांना."

शनिवारी आभा वाक्यं जुळवत दोन जिने चढली. काकांनी तिला चहा दिला. ती काही बोलायच्या आतच त्यांनी टोपी काढून उलटी केली. दोन्ही कानांपाशी आतून शिवलेले दोन इवलेसे माइक होते. त्यांची वायर कॉलरमधून खिशातल्या रेकॉर्डरकडे जायची. त्यांनी तिच्या कानात इयरफोन घातले.

विहंगचा खरबरीत आवाज आला. मार्चमध्ये तुटलेली गिटारची तार पुन्हा तुटली. पलीकडच्या टेबलावर सोड्याची बाटली उघडली. डोळे मिटले तर क्लबात आपली खुर्ची कुठे आहे तेही सांगता आलं असतं. असे अकरा कार्यक्रम होते.

टाळी जवळ वाजली की आवाज फाटतो, काका समजावू लागले. मान हलली की गाणं या कानातून त्या कानात पळतं.

"विहंगला सांगू का?"

"नको. कळलं तर पोरगं जपून गाईल. मंग काय राहिलं?"

मग ते आपल्या आईबद्दल बोलले. मालनबाई कांदे निवडता निवडता गायची आणि या पोरासारखाच सूर मध्येच खाली ओढायची.

"घरात तिचे तीन फोटो हायेत," ते म्हणाले. "आवाज एक बी नाय."

आता निरोप सांगणं आभाच्या जिवावर आलं, पण तिने तो सांगितला. काका बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले. कार्यक्रम शेवटचा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "बिनटोपीचा आलो तर चालंल?"

रविवारी ते उघड्या डोक्याने आले. टोपीखाली राहिलेली कपाळाची पट्टी चेहऱ्याहून गोरी दिसत होती. विहंगने त्यांना ओळखलंच नाही. दुसऱ्या गाण्याला त्यांचा गुडघा हलू लागला. तिसऱ्याला ते टाळ्या वाजवत होते, जोरात आणि ताल सोडून. विहंग हसला आणि त्याने गिटार आणखी वर उचलली. त्या दिवशी तो जसा गायला, तसं गाताना आभाने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

लोक पांगल्यावर काकांनी त्याच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. टोपीची सगळी हकीकत आभाने सांगितली. विहंग स्टेजच्या कडेलाच बसला.

"आजचंही आहे ना यात, काका?"

"आजचं नाय."

"आज तर सगळ्यात चांगलं झालं."

"हां ना, लय भारी गायलास," काका म्हणाले. लाल झालेले तळहात ते एकमेकांवर चोळत होते. "पण आज मला हात मोकळे पायजे होते."