हळदीचं फडकं आणि माझं घरगुती सनस्क्रीन

गेल्या रविवारी आमच्या गच्चीवर एक परीक्षा झाली. पेपर मीच काढला, मीच सोडवला... आणि नापासही मीच झाले!

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन म्हैसूरला आले. घरच्या घरी काहीबाही करून बघायचं मला वेड आहे. साबण झाले, उटणी झाली, या उन्हाळ्यात सनस्क्रीनचा नंबर लागला. झिंक ऑक्साइडची पावडर ऑनलाइन मागवली, खोबरेल तेल आणि मेण घरात होतंच.

मग काय... माणशी एक डबी! सासूबाईंची त्वचा कोरडी, म्हणून त्यांच्या डबीत बदामतेल. नवऱ्याचा चेहरा दुपारपर्यंत तेलकट होतो, त्याच्यासाठी मेण कमी आणि कोरफडीचा गर जास्त. तो नको नको म्हणत होता, पण लावून घेतलं बिचाऱ्यानं.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप दीपासाठी होता. दीपा माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, म्हणून आमच्याकडे राहते. तिच्या दोन्ही हातांवर कोड आहे.

त्या पांढऱ्या डागांना ऊन अजिबात सोसत नाही, लगेच लाल होऊन भाजतात. डॉक्टरांनी सांगितलेली ट्यूब तिला चिकट वाटायची, तिनं ती कपाटात टाकून ठेवली होती. भर उन्हाळ्यात पोरगी पूर्ण बाह्या घालून, वर ओढणी गुंडाळून जायची. बघून माझाच जीव कासावीस व्हायचा...

तिची डबी मी अगदी साधी केली. वास नाही, रंग नाही, थोडं शिआ बटर. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, हात पुढे करायची आणि मी चोळून लावायचे. वरून बाह्या होत्याच, त्यामुळे क्रीमची खरी कसोटी कधी लागलीच नाही.

आणि मग ऑफिसच्या मैत्रिणींचं टी. नरसीपूरला जायचं ठरलं. कावेरी आणि कपिलेचा संगम, दिवसभर उघड्यावर, नदीकाठी. दीपानं चक्क अर्ध्या बाह्यांचा कुर्ता आणला! "तुमचं क्रीम आहे ना काकू," म्हणाली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आता सासूबाईंची एक सवय सांगायला हवी. आमचं घराणं पूर्वी रंगाऱ्यांचं. रंगाचं काम केव्हाच बंद झालं, सवय तेवढी राहिली. नवीन कापड घरात आलं की त्याची एक पट्टी गच्चीवर जाते, अर्धी फळीखाली आणि अर्धी उन्हात. मी चिडवलं की म्हणतात, "रंग राहतंय की जातंय बघायचं, अष्टे!" अष्टे म्हणजे कानडीत एवढंच.

या वेळी मीच म्हटलं, चला, आपल्या क्रीमचीही पट्टी टाकू. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक असतं. एक पांढरं फडकं हळदीत बुडवून वाळवलं. वर पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे लावले. एकावर माझं क्रीम, दुसऱ्यावर दीपाची ती कपाटातली ट्यूब. खरं तर मला घरच्यांसमोर जरा मिरवायचं होतं...

संध्याकाळी प्लास्टिक उचललं. ट्यूबच्या खालचं कापड सगळीकडे सारखं पिवळं होतं. माझ्या क्रीमखाली मात्र पावडरीच्या गुठळ्या होत्या तिथं तेवढे पिवळे ठिपके आणि मध्ये मोठमोठे पांढरे चट्टे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

मग नीट बघितलं. हे डबडं घेऊन पोरगी दिवसभर उन्हात बसणार होती...

तेवढ्यात दीपा वर आली. फडकं लपवायलाही वेळ मिळाला नाही. ती दोन्ही हातात धरून बघत राहिली आणि एकदम हसली. "अय्यो काकू, हे माझ्या हातासारखंच झालंय बघा!"

मला काही हसू येईना. मी म्हटलं, ही डबी बंद, उद्यापासून डॉक्टरांनी सांगितलं तेच. चिकट वाटत असेल तर त्यांना दुसरी विचारू. तर म्हणते, "ते करू. पण लावायचं तुम्हीच, हं काकू. ऑफिसात माझ्या हातातनं कोणी पेनसुद्धा घेत नाहीत. टेबलवर ठेव म्हणतात. तुम्ही रोज माझा हात धरता ना... मला तेच पाहिजे होतं."

कोड लागत नाही हो कुणाला... हे अजून सांगावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

परवा ती नरसीपूरला गेली. सकाळी नवीन ट्यूब मीच लावली आणि बजावलं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. "तिथं कोण लावणार?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कुणाला तरी सांग." तिनं ट्यूब पर्समध्ये टाकली.

दुपारी फोनवर फोटो आला. नदीकाठ, अर्ध्या बाह्या, आणि एक मैत्रीण दीपाचा हात मांडीवर घेऊन क्रीम चोळतेय. पेन टेबलवर ठेव म्हणणाऱ्यांतलीच ती एक आहे का, हे मी विचारलं नाही.

माझं उरलेलं क्रीम सासूबाई टाचांच्या भेगांना लावतात. सकाळी दीपा अजूनही स्टुलावर बसून हात पुढे करते... आणि मी लावते.