पिशवीतून फिरणारा फोन

आमच्या घरी फोन आला आणि बाबांची नोकरी सुरू झाली. वास्तविक ते नुकतेच रिटायर झाले होते.

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजल्यांची बिल्डिंग होती आणि तिच्यात फोन फक्त आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. त्या काळी फोनसाठी नंबर लावला की इतकी वर्षं जायची, की अर्ज करणाऱ्याचा नातू पहिला कॉल घ्यायचा. त्यामुळे ज्याच्याकडे फोन, त्याचा नंबर सगळ्यांचा. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने आपल्या नातेवाइकांना आमचा नंबर देऊन पुढे 'पीपी' अशी दोन अक्षरं लिहायला सांगितली होती. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, माणसाला बोलावून घ्यावं. बोलावायचं कोणी, हे त्या दोन अक्षरांत नव्हतं. ते काम बाबांकडे आलं.

रिंग वाजली की बाबा गॅलरीत जाऊन ओरडायचे, "भोईरवहिनी, शहाडहून फोन!"

भोईरकाकू तळमजल्यावर राहायच्या. आमची बिल्डिंग उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. बिल्डरने बदल्यात जागा दिली होती, पण आम्ही सगळे आपल्या शेतात राहतो असंच काकू शेवटपर्यंत धरून चालल्या. शहाडला त्यांची बहीण होती आणि तिला बोलायची हौस दांडगी. काकू गुडघ्यांवर हात ठेवत तीन मजले चढून यायच्या, तोवर फोन कट झालेला असायचा. मग त्या टेकायच्या, आई चहा टाकायची. चहा पिऊन काकू खाली पोचल्या की पुन्हा रिंग.

"आपल्याकडे फोनपेक्षा चहाचंच बिल जास्त येतंय," आई म्हणायची.

यावर तोडगा म्हणून मी कॉर्डलेस फोन आणायचं ठरवलं. बाबांचा घसा आणि काकूंचे गुडघे वाचावेत, हे कारण मी घरात सांगितलं. खरं कारण ठाण्यात राहत होतं आणि त्याचं नाव वर्षा होतं.

मी तेव्हा बँकेत लागलो होतो आणि घरच्यांबरोबर नौपाड्यात मुलगी बघायला जाऊन आलो होतो. वर्षा मला बघताक्षणी आवडली. मी तिला आवडलो की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता, कारण तासाभरात मी 'हो', 'नाही' आणि 'पोहे छान झालेत' एवढंच बोललो होतो. निघताना तीच म्हणाली, "पुढच्या रविवारी संध्याकाळी मी फोन करीन. दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. मग काय ते सांगते." आता आमच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी आई, बाबा आणि फोनची वाट बघत बसलेले निम्मे शेजारी असायचे. तिथे बसून मुलीशी बोलण्यापेक्षा मी बँकेच्या काउंटरवर उभं राहून गाणं म्हटलं असतं.

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून मी तो फोन आणला. इम्पोर्टेड होता. (म्हणजे खोक्यावर जपानी लिहिलं होतं.) माहितीपुस्तकही जपानीच, त्यामुळे सगळी जोडणी मी चित्रं बघून केली. घरातल्या यंत्रांचा वैद्य मीच होतो. मिक्सर मीच दुरुस्त केला होता. (पुढे तो बदलावा लागला, पण दुरुस्त झाला होता हे सगळ्यांना मान्य होतं.) तर या फोनचे दोन भाग, एक डबा आणि एक रिसीव्हर. दोघांच्या पोटाखाली बारीक बारीक खटके. दोन्हीकडचे खटके जुळले तरच डबा रिसीव्हरला ओळखणार.

"पत्रिका जुळवण्यासारखंच आहे की," आई म्हणाली. मला ते शुभ वाटलं.

आमच्याकडे सगळ्यांच्या गॅलरीतून दोरीला बांधलेल्या पिशव्या लोंबकळायच्या. भाजीवाला खाली आला की वरून पिशवी सोडायची, भाजी घ्यायची, वर ओढायची. मी त्याच पिशवीत रिसीव्हर ठेवला आणि खाली सोडला. पहिल्या मजल्यापर्यंत आवाज उत्तम होता. तळमजल्यावर मात्र नुसती खरखर. शहाडच्या बहिणीला वाटलं, भोईरकाकू काहीतरी तळतायत. "नंतर बोलू, तुजा तेल जलंल," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

खोक्यात एक लांब दांडाही होता. चित्रात तो घराच्या छपरावर दाखवला होता. म्हणजे हा दांडा उंचावर लावायचा आणि त्याची वायर खाली डब्यापर्यंत आणायची. आमच्या गच्चीवर उंच जागा एकच होती, बिल्डिंगच्या टीव्ही अँटेनाचा पाइप. पूर्वी प्रत्येकाची वेगळी अँटेना असायची आणि कावळे, पतंग आणि एकमेकांच्या अँटेना हळूच फिरवणारे शेजारी यांच्यामुळे कोणालाच धड दिसायचं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच मोठी अँटेना उभारली, तिला बूस्टर बसवला आणि तिथून घरोघर वायरी सोडल्या. हा सगळा कारभार दुसऱ्या मजल्यावरच्या पेंडसेकाकांकडे होता. ते शाळेतून रिटायर झाले होते, पण ते शाळेला कळलं होतं, त्यांना नाही.

"नंदू, त्या पाइपाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"हात नाही लावत काका, नुसता दांडा बांधतो."

दांडा बांधला आणि चमत्कार झाला. तळमजल्यावर स्वच्छ ऐकू यायला लागलं! त्या आठवड्यात फोन पिशवीतून दिवसभर वर-खाली करत होता. एकदा तो कणकेने माखून वर आला, एकदा कोथिंबिरीत लपून आला. एकदा भोईरकाकूंकडून आला तो सुकटीचा वास घेऊन. आईने तो दोन दिवस कानापासून वीतभर लांब धरला आणि पलीकडच्यांना ओरडून बोलावं लागलं. पण बाबा दुपारचे झोपायला लागले. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुरुस्त केलेली वस्तू चालत होती.

इथे मी थांबायला हवं होतं. पण रविवार उजाडला. संध्याकाळी वर्षाचा फोन यायचा होता आणि तिचा एकही शब्द खरखरीत जाऊ नये म्हणून मी सकाळी पुन्हा गच्चीवर गेलो. तिथे बूस्टरच्या डबीकडे बघताना माझ्या मनात आलं, जो बूस्टर टीव्हीचं चित्र सुधारतो तो फोनचा आवाज का नाही सुधारणार? मी दांड्याची वायर सोलली आणि बूस्टरच्या वायरीला पिळून टाकली. खाली जाऊन ऐकलं तर आवाज असा खणखणीत, की बँकेतल्या साहेबाचा वाटावा. त्यानंतर लगेचच लाइट गेले ते थेट संध्याकाळी पिक्चरच्या वेळेला आले, त्यामुळे मधल्या वेळात कोणाचा टीव्ही लागलाच नाही.

पिक्चर सुरू झाला आणि बिल्डिंग चिडीचूप झाली. मी रिसीव्हर घेऊन गच्चीवर गेलो, दाराला कडी लावली आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने रिंग वाजली.

"मी वर्षा बोलतेय. घरी सगळे कान लावून बसतात, म्हणून एसटीडी बूथवर आलेय. इथे काचेची केबिन आहे, बाहेर काही ऐकू जात नाही."

"मीपण गच्चीवर आलेलोय. एकटाच आहे," मी म्हणालो.

त्याच क्षणी बिल्डिंगमधल्या सगळ्या टीव्हींवर हिरोने कोर्टात गीतेवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि माझ्या आवाजात सांगितलं, "मीपण गच्चीवर आलेलोय. एकटाच आहे." (हे मला नंतर कळलं. पेंडसेकाकांना आधी वाटलं की आता हिंदी पिक्चर मराठीत दाखवायला लागले. ते खूश झाले होते.)

"लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही," वर्षा म्हणाली. टीव्हीवर हे वाक्य न्यायाधीशांच्या तोंडी गेलं. "मला यायला उशीर झाला तर तुम्हाला घरातलं काही करता येतं का?"

"येतं ना. चहा, भात, सगळं करतो मी."

खालून भोईरकाकूंचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला, "नंद्या, खोटा नको बोलू रं! च्याचा आदण तरी ठेवलास का कदी?"

मी दचकून इकडेतिकडे बघितलं. गच्चीवर कोणी नव्हतं.

"कोण बोललं?" वर्षाने विचारलं.

"कोणी नाही. खाली भाजीवाली आलीय."

"तिला तुमचं नाव कसं माहीत?"

"आम्ही तिच्याकडूनच भाजी घेतो."

"बरं. दुसरं म्हणजे, आमच्या चाळीत कोणाकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या याचीही चर्चा होते. मला त्याचा कंटाळा आलाय. तुमच्याकडे कसं आहे?"

"छे छे. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही. शेजारच्या घरात काय चाललंय याचा इथे कोणाला पत्ताही नसतो."

चारही मजल्यांवरून एकदम हशा उठला.

"पिक्चरमध्ये विनोदी प्रसंग आहे वाटतं," मी म्हणालो. मला खरोखरच तसं वाटलं. मी रंगात आलो होतो, तोपर्यंत कधीच एवढं बोललो नव्हतो आणि पलीकडून वर्षा हसत होती. म्हणून मी आणखी पुढे गेलो. "शेजारी तसे बरे आहेत हो. एक भोईरकाकू आहेत, त्यांना फोन आला की त्या आमच्याकडे चहाला येतात. एक पेंडसेकाका आहेत, ते अजून सगळ्यांना जिन्यात डाव्या बाजूने चालायला लावतात. परवा त्यांनी मांजराला..."

गच्चीचं दार धाडधाड वाजलं.

"नंदू, दार उघड," पेंडसेकाका बाहेरून म्हणाले. "तू आमच्या टीव्हीवर आहेस."

मी बूस्टरकडे बघितलं. बूस्टरमधून निघून घरोघर गेलेल्या त्या सगळ्या वायरींकडे बघितलं. सकाळी मी काय करून ठेवलंय ते मला तेव्हा कळलं आणि पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत शिरावं असं वाटलं.

"काय झालं? कोण आहे?" वर्षा विचारत होती. तेवढ्यात रिसीव्हर टिक टिक करायला लागला. आठवडाभर पिशवीतून फिरलेला तो बिचारा दिवसभर लाइट नसल्यामुळे चार्जच झाला नव्हता.

"बॅटरी संपतेय. तुमचं उत्तर तेवढं सांगा," मी घाईने म्हणालो.

"सांगते. पण आधी खरं सांगा, आत्ता हे कोण कोण ऐकतंय?"

आता खोटं बोलण्यात अर्थच नव्हता. "सगळेच," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "असं होय. मग माझं उत्तर..." आणि रिसीव्हर मेला.

फक्त रिसीव्हर मेला होता. खाली घरातला डबा विजेवर चालू होता, बूस्टर चालू होता आणि टीव्हीही चालू होते. पुढच्याच क्षणी घराघरांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीने मला होकार दिला की नकार, हे बिल्डिंगमधल्या पाळण्यातल्या पोरालाही कळलं होतं, मला सोडून.

मी कडी काढून खाली धावलो. पेंडसेकाका म्हणाले, "डाव्या बाजूने जा." जिन्यात सगळे उभे होते आणि सगळे हसत होते. सांगत कोणीच नव्हतं. नकारावरही टाळ्या वाजवतील अशी ती माणसं होती. घरात शिरलो तर आई पदराने डोळे पुसत होती आणि त्यावरूनही काही कळेना, कारण आई दोन्ही वेळेला रडते.

"बाबा, काय म्हणाली ती?"

"इतके दिवस या बिल्डिंगला मी निरोप दिले," बाबा शांतपणे म्हणाले. "आज माझा घसा बसलाय."

तोवर भोईरकाकू तीन मजले चढून आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "आदी च्या कर. मंग सांगन."

मी चहा केला. आयुष्यातला पहिला चहा आणि तोही एवढ्या माणसांसाठी. पाणी उकळत होतं आणि मीही. चहा पावडर कुठल्या डब्यात असते इथपासून तयारी होती. काकूंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला.

"साकर इसरलास," त्या म्हणाल्या. "ती बोलली, 'हॅलो, बंद पडलेला दिसतोय. जे कोणी ऐकत असतील त्यांनी त्यांना सांगा, माझा होकार आहे. आणि त्या भाजीवालीला म्हणावं, मी येईपर्यंत यांना चहा शिकवून ठेवा.'"

मी तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि साखरेचा डबा हातात दिला.

पेंडसेकाकांना मात्र त्या पिक्चरमधला खुनी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यासाठी त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

आता ती बिल्डिंग नाही. तिच्या जागी टॉवर उभा आहे. भोईरकाकू गेल्या, त्यांच्या शेतात आम्ही अजून राहतोय. मुलाने मध्यंतरी गच्चीवर वायफायचा एक पांढरा डबा बसवला. कोणाला हाक नाही, काही नाही, हातातल्या मोबाइलवर बोट फिरवून त्याने सगळं जुळवलं. आता पंधराव्या मजल्यापर्यंत छान रेंज येते आणि शेजारी कोण राहतं ते आम्हाला माहीत नाही. कधी कधी मला त्या पिशवीतल्या फोनची फार आठवण येते, सुकटीच्या वासासकट.

मुलाला गच्चीवर मदत करायला मी निघालो होतो, पण वर्षाने मला जिन्यातूनच परत फिरवलं आणि चहा टाकायला लावला. तेवढा एक मला आता जमतो. चहा देताना मी तिला म्हटलं, "तुझा होकार मी आजपर्यंत स्वतःच्या कानांनी ऐकलेला नाही. एकदा म्हण की."

"एकदा सांगून झालंय," ती म्हणाली. "तेव्हा टीव्ही बघायचा होतास."